ह्या वेळी उशी नको

हे मी चोवीस वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. ज्या माणसाला सांगायला हवं होतं, त्याला अजूनही सांगितलेलं नाही. तेव्हा मला भली बाई वगैरे समजू नका. गावात समजतात, तेवढं पुरे झालं.

मी पावलिना मिनेवा. याव्होरनिकच्या हॉइस्टच्या कारखान्यात नियोजन विभाग माझ्याकडे होता. हॉइस्ट म्हणजे छताला टांगून ओझं उचलायचं विजेचं यंत्र. कीवपासून कैरोपर्यंत गोदामांच्या छतांना आमचे हॉइस्ट लटकत होते, आणि आमच्या गावातल्या सतराशे माणसांची पोटं त्या हॉइस्टांना लटकली होती.

कारखान्यात आमचा एक शब्द होता, 'उशी'. समजा आपण महिन्याला अकराशे हॉइस्ट काढू शकतो, तर वर राजधानीत, सोफियाला, कळवायचे सातशे. मधले चारशे म्हणजे उशी. खरं कळवलं, की पुढच्या वर्षी सोफियावाले त्याच्यावर आणखी दोनशे चढवून मागणार, आणि नाही जमले तर सगळ्यांचा बोनस गेला. त्यामुळे उशी ठेवायची. सगळेच कारखाने ठेवायचे, आणि सोफियावाल्यांनाही ते माहीत असायचं. एकमेकांना व्यवस्थित फसवत आमचं छान चाललं होतं.

सत्त्याहत्तर साली मी नवीन होते. अंगात खरेपणाची मस्ती. त्याच वर्षी मी उशी न ठेवता आकडा पाठवला. पुढच्या वर्षीचं लक्ष्य असं काही आलं की नऊ महिने कारखान्याला रविवार दिसला नाही. नोव्हेंबरात नेदकोदादाची दोन बोटं गिअर कापायच्या मशीनमध्ये गेली. तिसरी पाळी सलग, डोळ्यावर झोप, दुसरं काय होणार! माझ्या आधीच्या बाई होत्या, गोस्पोदिनोवा. त्यांनी मला संडासात रडताना धरलं आणि म्हणाल्या, "नाक पूस. कळलं ना आता उशी कशाला लागते? ती माणसांसाठी असते, बये." मी कानाला खडा लावला. त्यानंतर चौदा वर्षं माझ्या हातून खरा आकडा बाहेर गेला नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. आग लागो त्या अभिमानाला.

मग राज्य बदललं. 'कॉम्रेड' म्हणायचं बंद होऊन 'मॅडम' सुरू झालं, आणि रशियन गिऱ्हाईक एका हिवाळ्यात गायब झालं. कामगारांनी हात वर करून स्वतःचा डायरेक्टर निवडला, कामेन स्तांचेव. ड्रॉइंग ऑफिसातला इंजिनिअर. माणूस सोन्यासारखा, पण उत्पादनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मशीन कागदावर दिसली की खूश, जमिनीवर दिसली की बावरायचा. पण डोक्यात कल्पना भारी होत्या. म्हणायचा, "पावलिना, फक्त हॉइस्टवर जगायचे दिवस गेले. तीच मोटर, तोच गिअर. त्यातून दवाखान्यांच्या लिफ्टी करू, शेतावरचे पंप करू. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं असेल." लिफ्टीची ड्रॉइंग त्याने घरी जेवणाच्या टेबलावर बसून काढली होती. त्यांवर सुपाचे डाग होते.

ब्याण्णवच्या ऑक्टोबरात मंत्रालयाचा फॉर्म आला. आठ पानं. सगळ्या कारखान्यांच्या तीन याद्या होणार होत्या. पहिल्या यादीतल्यांना सरकार नवीन यंत्रं आणि नवीन माल काढायला पैसे देणार, दुसरीतले विकणार, तिसरीतल्यांना टाळं. पाचव्या पानावर प्रश्न होता: मागणी असल्यास महिन्याला जास्तीत जास्त किती माल काढता येईल?

कामेन फॉर्म घेऊन स्वतः माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"पावलिना, ह्या वेळी उशी नको."

"बरं, इंजिनिअरसाहेब."

"नुसतं बरं नको. ह्या लोकांना खरं हवंय. जो ताकदवान त्यालाच ते हात देणार आहेत. समजतंय ना?"

"समजतंय हो. मी काय काल आले का?"

तो हसला आणि गेला. मी पत्रकं काढली, खात्यांचे आकडे मांडले, बेरीज केली. अकराशे. पेन्सिलीने, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मग फॉर्म पुढ्यात ओढला आणि माझा हात थांबला. मनात आलं, हा बिचारा भोळा आहे. सरकार कुठलंही असो, सोफिया ती सोफियाच. आज अकराशे लिहू, उद्या म्हणतील काढा अकराशे, नाही निघाले तर हाच फासावर जाईल. शिवाय आधी कमी सांगितलं तर पैसे जास्त मिळतील, गरीब दिसलं की दया येते, असंही वाटलं. मी लिहिलं, सहाशे चाळीस. चांगली जाड उशी ठेवली. मला वाटलं, मी त्याला वाचवतेय.

त्याने न बघता सही केली.

जानेवारीत त्याला सोफियाला बोलावलं. परत आला तो थेट माझ्या खोलीत, कोटावर बर्फ तसाच.

"तिसरी यादी," तो म्हणाला. "आठशेच्या वर असतो तर पहिलीत घेतलं असतं, म्हणाले. लिफ्टीची ड्रॉइंग आवडली त्यांना. पण सहाशे चाळीसवाल्याला कशाच्या जोरावर पैसे देणार? मला तिथे विचारलं, आकडा नक्की आहे ना? मी म्हटलं, आमच्या पावलिनाने लिहिलाय म्हणजे नक्कीच आहे."

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. पंधरा! अकराशेचं पत्रक माझ्या कपाटात, त्याच्यापासून चार पावलांवर. मला एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, मी चुकले.' पण लाज वाटली. चौदा वर्षं जिच्या आकड्याची लोक शपथ घेत होते, ती बाई मंत्रालयात जाऊन मी खोटं लिहिलं म्हणणार? उद्या सांगू, म्हटलं. मग परवा. पंधरा दिवस असे गेले, आणि सोळाव्या दिवशी मला चक्क बरं वाटलं, की आता सांगून उपयोग नाही. ह्याच्याइतकं नीच मला आयुष्यात दुसरं काही वाटलेलं नाही.

आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद दारावर, बसथांब्यावर, झाडांवर लागतो. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात फाटकावर तसाच कागद लागला. 'आमचा लाडका कारखाना, वय चव्वेचाळीस. शोकाकुल: सतराशे.' खाली कोणीतरी पेनने लिहिलं होतं, 'मारेकरी: कामेन स्तांचेव.' गावाने ठरवून टाकलं होतं, डायरेक्टरने पैसे खाल्ले, फॉर्ममध्ये मुद्दाम कमी दाखवलं आणि कारखाना शेजारच्या देशातल्या कारखानदारांना विकला. नेदकोदादा तर दारूच्या दुकानात आठ बोटं नाचवून सांगायचा, "मी त्याच्या हातात हात दिला होता! उरलेली बोटं मोजून घ्यायला हवी होती." लोक हसायचे. मीही हसले आहे, एकदा. तो कागद मी रोज येता-जाता बघत होते. फाडला नाही.

त्याच्या खिडक्या फुटल्या. पोरांना शाळेत मार बसला. थोरल्याचा तर दात पडला. तरी तो गाव सोडून गेला नाही. एका हॉटेलच्या गाड्या सांभाळायला उभा राहायचा, ज्यांनी त्याला निवडून दिलं होतं त्यांच्या गाड्यांसाठी फाटकाचा आडवा दांडा वर करायचा. मी समोरून आले तर टोपी काढायचा. मी रस्ता बदलायला लागले.

आता माझा मुलगा प्लामेन परदेशात, व्हॅलेन्सियाला, ट्रक चालवतो. गावात उरलो आम्ही म्हातारी, दोन औषधांची दुकानं आणि मांजरं. अशात गेल्या मार्चमध्ये नगरपालिकेच्या रालित्साने मला बोलावलं. मुलगी हुशार आहे, चाळिशीची असेल, मला मावशी म्हणते.

"मावशी, युरोपचा निधी आलाय," ती म्हणाली. "जुन्या कारखान्याच्या जागेवर छोटे उद्योग आणायचे. एका कारखान्याच्या भरवशावर राहून बुडालेल्या गावांसाठीच आहे म्हणे. तीन गावं रांगेत आहेत, मिळणार एकाला. ह्या गावाच्या हातात काय कसब होतं ते दाखवायचंय. पण मला दोन आकडे सापडलेत. मंत्रालयाच्या फॉर्मवर सहाशे चाळीस. आणि हे कारखान्यातल्या तुमच्या जुन्या कपाटातलं पत्रक, अकराशे. हे अक्षर तुमचंच ना?"

तिने कागद पुढे केला. माझ्या दोन रेघा.

"कुठला खरा, मावशी? अकराशे असेल तर आपण कुठल्या कुठे जातो."

"पाणी दे गं," मी म्हटलं. ती पाणी आणायला उठली तेवढ्यात मला रडायला आलं आणि ती येईपर्यंत आवरलंही. "उद्या सांगते. आठवायला हवं."

"उद्या नक्की हं. शुक्रवारच्या गावपत्रात अर्जाचा मजकूर छापायचाय. कायदाच आहे तसा, लोकांसमोर ठेवायला लागतो."

म्हणजे शुक्रवारी सगळं गाव वाचणार. कामेनही. मी ठरवलं, त्याने पेपरात वाचायच्या आधी माझ्या तोंडून ऐकावं. चोवीस वर्षांनी का होईना, पण तोंडावर सांगायचं. पत्रकाची झेरॉक्स मागून घेतली, पिशवीत आलुबुखाराच्या जॅमची बाटली टाकली आणि निघाले.

तो पाचव्या मजल्यावर राहतो. इमारतीची लिफ्ट बंद. मी प्रत्येक मजल्यावर थांबत, स्वतःला शिव्या घालत चढले. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिचं नाव दोरा. माझ्याच वयाची, एकेकाळी आम्ही एकत्र लाल मिरच्या भाजायचो, त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात.

"अगंबाई," ती म्हणाली. "वाट चुकलीस वाटतं?"

"आत येऊ का?"

"ये. चपला राहू दे. इथे आता तेवढं कोणी बघत नाही."

कामेन खिडकीपाशी खुर्चीत होता. दोन वर्षांपूर्वी डावी बाजू गेली, तेव्हापासून खाली उतरलेला नाही. डोळ्यांनाही जेमतेम दिसतं. पण आवाज ऐकल्याबरोबर ओळखलं.

"पावलिना! नियोजन विभाग आमच्या घरी! दोरा, कॉफी टाक, चांगल्या कपांत."

मी बसले. पिशवी मांडीवर. आतला कागद हाताला लागत होता. मी म्हटलं, "इंजिनिअरसाहेब, एक बोलायचं होतं. त्या फॉर्मबद्दल."

"बघ!" तो एकदम खुलला. "मलाही त्याचबद्दल बोलायचं होतं कधीचं. पण तू भेटतेस कुठे? ऐक. लोकांनी मला काय काय म्हटलं, तुला माहीत आहे. चोर म्हटलं, मारेकरी म्हटलं. मी कसा तग धरला सांगू?"

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तुझ्या आकड्यावर. रात्री झोप येईना की मी स्वतःशी म्हणायचो, कामेन, कारखाना मुळात अर्धा मेलेलाच होता. सहाशे चाळीस! तू काय, देव आला असता तरी वाचवू शकला नसता. जो वाचणारच नव्हता त्याला कोणी मारला म्हणायचं? कळतंय ना? पण तो जर वाचण्यासारखा असता आणि मी सोफियात तोंड मिटून बसलो असतो..." त्याने चांगल्या हाताने खिडकीकडे बोट केलं. "तर मी खिडकीतून उडी टाकली असती. दोराला विचार. एकदा टाकायलाही निघालो होतो."

दोरा कॉफी घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

"तर तूच सांग," तो म्हणाला. "आकडा बरोबर होता ना गं?"

काय सांगायला आले होते आणि काय विचारत होता हा माणूस! मला वाटलं, सांग, पावलिना, सांगून टाक, एकदाची मोकळी हो. आणि लगेच कळलं, मी मोकळी होईन आणि हा मरेल. पंधरा दिवस होते तेव्हा सांगायचं होतंस, भवाने. आता खरं बोलायचा हक्कसुद्धा तुझ्याकडे उरलेला नाही.

"बरोबर होता," मी म्हटलं. "उलट, मी थोडा वाढवूनच लिहिला होता. खरे सहाशेसुद्धा निघाले नसते."

"वाढवून!" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "ऐकलंस, दोरा? मी उशी नको म्हटलं, तर हिने उलटी उशी ठेवली! कारखान्यासाठी जीव टाकणारी बाई आहे ही. लोकांना काय माहीत!"

कॉफी मी कशी संपवली मला आठवत नाही. तो लिफ्टींबद्दल बोलत होता. निघाले तेव्हा दोरा माझ्यामागून जिन्यात आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"तू कमी लिहिला होतास," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"हो."

"किती होता?"

"अकराशे."

तिने जिन्याचा कठडा धरला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याला माहीत नव्हतं, दोरा. मी एकटीनेच..."

"ते मला माहीत आहे. माझ्या नवऱ्याला मी ओळखते. माझ्या पोराचा दात पाडला, पावलिना. नऊ वर्षांचा होता. त्या दिवशी संध्याकाळी तू समोरच्या फुटपाथवरून गेलीस. मी तुला हाक मारली होती."

मी ऐकली होती ती हाक. "मला माफ कर," मी म्हटलं.

"नाही करत," दोरा म्हणाली. "पण आज आलीस कशाला, इतक्या वर्षांनी? उगाच तू काही यायची नाहीस."

मी तिला रालित्साचं, अर्जाचं, शुक्रवारच्या गावपत्राचं सगळं सांगितलं. म्हटलं, अकराशे छापलं तर तो ऐकणार, आणि सहाशे चाळीस छापलं तर गावाचं पुन्हा वाटोळं होणार. तूच सांग मी काय करू.

"वा गं! म्हणजे हेही माझ्यावरच ढकल." ती क्षणभर बंद लिफ्टीच्या दाराकडे बघत राहिली. "खरा आकडा दे तिला. गावात अजून लेकरं आहेत. त्याला दिसत नाही, पेपर मी वाचून दाखवते. मी जे वाचीन तेच त्याच्यासाठी छापलेलं असतं."

"दोरा, तुझे कसे आभार..."

"गप्प बस. आभार कसले? मला जन्मात खोटं बोलायला जमलं नाही, आणि एकटीने तर मुळीच जमणार नाही. अडखळले की तो लगेच पकडतो. पेपर तू वाचायचास. दर शुक्रवारी यायचंस, पाच जिने चढून, आणि त्याच्यासमोर बसून वाचायचंस. तो जिवंत आहे तोवर."

दुसऱ्या दिवशी मी रालित्साला अकराशे सांगितले. तिने उडीच मारली आणि मला मिठी मारली. "मावशी, एवढे होतो आपण? मग बुडालो कसे?" मी म्हटलं, "ते मी तुला लिहून देईन. ते गेल्यावर." कोण गेल्यावर, ते तिने विचारलं नाही.

शुक्रवारी मी गेले. दोरा घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. कामेनने दाढी केली होती, शर्ट इस्त्रीचा होता. मी पेपर उघडला. पहिल्याच पानावर कारखान्याचा जुना फोटो आणि खाली ठळक अक्षरात अकराशे. मी चष्मा नीट केला आणि वाचायला लागले, "आपल्या गावाने एकेकाळी महिन्याला... सहाशे चाळीस हॉइस्ट तयार केले."

"बघ," कामेन समाधानाने म्हणाला, "आता तर छापूनही आलं."

मी पेपर खाली ठेवायला लागले.

"पुढे वाच," दोरा म्हणाली.